कर्णाचे वकील

गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळात एका विद्वान वक्त्यांचे कर्णावर व्याख्यान झाले. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला सलग तासभर घोटीव मराठी कानांवर पडण्याचे प्रसंग वर्षातून दोन-तीनच येतात. तेव्हा सभागृह भरले होते हे सांगावयास नकोच. कर्ण हा निष्पाप होता, जन्मदात्रीने त्याला टाकले, गुरूने शापिले, द्रौपदीने भर स्वयंवरात सूतपुत्र म्हणून झिडकारले, आणि हे सारे सोसूनही ज्याचा दानाचा हात आखडला नाही त्या महापुरुषावर अखेर खुद्द व्यासांनीही अन्याय केला, असा वक्त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश होता. शेवटी त्यांचा कंठ दाटून आला. पुढच्या रांगेतील काही भगिनींनी डोळ्यांस पदर लावले आणि टाळ्यांच्या कडकडाटात कार्यक्रम संपला. टाळ्या मीही वाजविल्या. मात्र परतताना मेट्रोत बसल्यावर त्या टाळ्यांची मला लाज वाटू लागली. ती का वाटली हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. माझे भांडण कादंबरीकारांशी किंवा नाटककारांशी नाही. महाभारतातील पात्र उचलून त्याला आपल्या मनाप्रमाणे घडविण्याचा कवीचा अधिकार फार जुना आहे. भासाने 'कर्णभारा'त कवचकुंडलांच्या दानाचा प्रसंग थेट रणांगणाच्या वाटेवर आणून ठेवला, तेव्हा त्याला कोणी जाब विचारला नाही. आमच्याकडील लोककलावंतांनी 'जांभूळ आख्यान' रंगवून द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी अभिलाषा उत्पन्न केली, तीही लोकांनी गोड मानून घेतली. आपल्या काळात तर कर्णाचे मोठेच पीक आले. १९५२ मध्ये दिनकरांचे 'रश्मिरथी' हे हिंदी काव्य आले. आमच्या कार्यालयातील एक बिहारी गृहस्थ जेवणाच्या सुटीत त्याचे सर्गच्या सर्ग तोंडपाठ म्हणतात आणि ते ऐकताना मलाही डबा उघडण्याचे भान राहत नाही. १९५३ मध्ये शिरवाडकरांचे 'कौंतेय', १९६७ मध्ये शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय', १९७३ मध्ये रणजित देसाईंचे 'राधेय' अशी ही मालिका आहे. 'मृत्युंजय' मी शाळेत असताना दोन रात्रींत वाचून काढले होते आणि मीही रडलो होतो. तेव्हा या ग्रंथकारांचे ऋण नाकारण्याचा कृतघ्नपणा माझ्या हातून होणार नाही.

तक्रार आहे ती वाचकांविषयी, आणि त्याहून अधिक व्याख्यात्यांविषयी. कादंबरी वाचावयाची, तिच्यावर व्यासांचे नाव घालावयाचे, आणि मग व्यासांचा मूळ ग्रंथ त्या कादंबरीशी जुळत नाही म्हणून व्यासांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावयाचे, हा कोणता न्याय? आमच्या वक्त्यांनी कर्णपत्नी वृषालीचा उल्लेख असा केला की जणू व्यासांनीच तिचे बारसे केले होते. महाभारतातील कर्णाच्या बायका बिचाऱ्या निनावी आहेत. अधिरथाने पाहून दिलेल्या सूतकुळांतील मुली, एवढीच त्यांची ओळख खुद्द कर्णाने सांगितली आहे. ही चूक लहान म्हणून सोडून देता येईल. स्वयंवराची गोष्ट मात्र लहान नाही, कारण कर्णाच्या बचावाची सारी इमारत तिच्यावर उभी आहे. द्रौपदीने त्याचा अपमान केला म्हणून त्याने द्यूतसभेत तिचा अपमान केला, असा हा हिशेब. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण केले. देशभरातील हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या त्या संहितेत, 'मी सूताला वरणार नाही' या अर्थाचे द्रौपदीचे उद्गार नाहीत. ते मागाहून शिरलेले ठरून तळटिपेत गेले आहेत. जे धनुष्य कर्ण, शल्य यांच्यासारख्यांनाही वाकविता आले नाही ते हा ब्राह्मण काय वाकविणार, असा जो संवाद अर्जुन पुढे सरसावल्यावर तेथे ऐकू येतो, त्यावरून कर्णाचे काय झाले ते कळते. म्हणजे जो अपमान झालाच नाही त्याचा सूड म्हणून एका स्त्रीची भर दरबारात केलेली विटंबना आपण क्षम्य ठरवीत आलो आहोत! काळाची थट्टा अशी की चिकित्सक आवृत्ती पूर्ण झाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी 'मृत्युंजय' प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी इरावतीबाईंचे 'युगान्त'ही. व्याख्यानांतून कोणते पुस्तक बोलते हे निराळे सांगावयास नको.

आता कर्णाच्या बाजूने जे खरे आहे ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे, आणि ते थोडे नाही. शस्त्रपरीक्षेच्या रंगमंडपात कृपाचार्य त्याला कुळ विचारतात. भीम त्याला धनुष्य टाकून चाबूक हाती घेण्यास सांगतो. द्रोण त्याला ब्रह्मास्त्र देत नाहीत. परशुरामांकडे खोटे बोलून विद्या मिळवावी लागते आणि ते खोटेच पुढे शाप होऊन उलटते. जन्मावरून माणसाची लायकी ठरविणारा समाज किती क्रूर असतो हे व्यासांनी जितके निर्भीडपणे दाखविले आहे तितके नंतर किती जणांनी दाखविले? ज्यांच्या वाट्याला असे अपमान आजही येतात त्यांना कर्ण आपला वाटतो, यात नवल नाही.

परंतु आमच्या वक्त्यांचे अश्रू याच दुःखासाठी होते काय? मला शंका आहे. त्यांचा गहिवर नीट ऐकला तर त्यात एक विचित्र गोष्ट आढळते. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते की, तो तर प्रत्यक्ष सूर्याचा पुत्र, कुंतीचा ज्येष्ठ, खरा क्षत्रिय, आणि त्याला सूत म्हणून हिणविले! म्हणजे अन्याय कोणता? तर उच्चकुलीनाला हीनकुलीन समजले गेले, हा. तो खरोखरच अधिरथ आणि राधा यांच्या पोटी जन्मलेला असता तर? मग भीमाने चाबूक हाती दिला ते योग्यच झाले असते काय? ज्या जातिभेदाविरुद्ध डोळे पुसले जात होते, त्याचीच ही आरती होती, आणि ती करणाराला व ऐकणाराला दोघांनाही तिचा पत्ता नव्हता.

व्यासांनी असे केलेले नाही. रंगमंडपात दुर्योधनाने अंगदेशाचा अभिषेक केल्यावर म्हातारा अधिरथ काठी टेकीत, घामाने निथळत, थरथर कापत आत येतो. त्या क्षणी सारी सभा पाहत असताना कर्ण धनुष्य खाली ठेवतो आणि अभिषेकाच्या पाण्याने ओले झालेले मस्तक त्याच्या पायांवर ठेवतो. भीमाचा टोमणा येतो तो यानंतर. आपला बाप सारथी आहे हे लपविणे त्याला सहज शक्य होते. त्याने ते लपविले नाही. पुढे उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचे रहस्य सांगतो, राज्य देऊ करतो, पाचही पांडव तुझे पाय धरतील असे सांगतो, आणि द्रौपदीचेही आमिष दाखवितो, तेव्हा कर्ण कोणते उत्तर देतो? राधेच्या स्तनांत माझ्यासाठी पान्हा फुटला, माझे मलमूत्र तिने काढले, माझे जातकर्म अधिरथाने करविले, माझ्या बायका, मुले, नातवंडे सूतांत आहेत. सगळ्या पृथ्वीच्या राज्यासाठीही मी हे खोटे ठरविणार नाही. क्षत्रियत्व घरी चालून आले असता त्याने ते परत पाठविले! नाटकाला 'कौंतेय' म्हणावे की कादंबरीला 'राधेय' म्हणावे हा लेखकांचा प्रश्न; कर्णाने स्वतःपुरता त्याचा निकाल लावून टाकला होता. जातीच्या प्रश्नावर कर्णाचे मोठेपण येथे आहे, आणि नेमके येथेच आमचे वक्ते त्याच्या राजरक्ताचे दाखले काढीत बसले होते.

आता द्यूतसभेकडे वळू. हा प्रसंग व्याख्यानात चार वाक्यांत आटोपला, म्हणून मी तो सावकाश सांगतो. द्रौपदीला सभेत फरफटत आणली आहे. तिचा प्रश्न सरळ आहे: जो स्वतःला आधीच हरला त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार होता काय? भीष्म धर्म सूक्ष्म असल्याचे सांगून सुटका करून घेतात. द्रोण, कृप गप्प. अशा वेळी उठतो कोण, तर विकर्ण. दुर्योधनाचाच सख्खा धाकटा भाऊ. तो म्हणतो की द्यूत हे व्यसन आहे, व्यसनात बुडालेल्याचे कृत्य ग्राह्य नाही, द्रौपदी पाचांची पत्नी आहे, शिवाय युधिष्ठिर आधीच स्वतःला हरला होता. सबब ती जिंकली गेलेली नाही. आणि काय घडते? सभेत मोठा कोलाहल होतो. राजे विकर्णाची वाहवा करतात, शकुनीची निंदा करतात. सभा फिरत होती! महाभारतातील हा एक क्षण असा आहे की तेथे सारे वळण बदलू शकले असते.

तो कोलाहल शांत होताच कर्ण बोलू लागतो. विकर्णाला तो पोरसवदा म्हणून झिडकारतो. पाच पती असलेली स्त्री ती कसली पतिव्रता, तिला एकवस्त्रा काय किंवा विवस्त्रा काय, सभेत आणले म्हणून बिघडले कुठे, असे बोलतो. तिच्याविषयी जो शब्द वापरतो तो मी येथे लिहीत नाही. आणि पांडवांची व द्रौपदीची वस्त्रे काढून घे, अशी आज्ञा दुःशासनाला करतो. ही आज्ञा दुर्योधनाची नव्हे, शकुनीची नव्हे, कर्णाची. दुर्योधनाने त्याला बोलावयास सांगितलेलेही नव्हते.

'मिठाला जागला' असे म्हणून वकील येथे सुटू पाहतात. पण मिठाला विकर्ण जागला नव्हता काय? तो तर त्याच घरात जन्मला, तेथेच जेवला, आणि पुढे भीमाच्या हातून मेलाही त्याच बाजूने. दासीपुत्र विदुर धृतराष्ट्राच्याच आश्रयाला होता. हीन जन्माचा टोमणा त्याला कोणी शिकवावयाचा नव्हता. तोही त्या सभेत बोलला, पण द्रौपदीच्या बाजूने. तेव्हा जन्माचा अपमान सोसलेला माणूस दुसऱ्याचा अपमान करतोच असे नाही, आणि अन्न खाणारा माणूस जीभ विकतोच असेही नाही. निवड होती. कर्णाने ती केली.

आता ज्या कर्णावर माझा जीव आहे त्याच्याविषयी. कृष्णाशी झालेल्या त्याच संभाषणात, सर्व मोहांना नकार देऊन झाल्यावर, कर्ण एक कबुली देतो. दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून आपण पांडवांना जे कटू शब्द बोललो त्या कृत्याचा आज आपल्याला पश्चात्ताप होतो, अशी ती कबुली. शापाचे निमित्त नाही, दैवाचे नाही, सूतपुत्र म्हणून झालेल्या छळाचेही नाही. धन्याला बरे वाटावे म्हणून! (तेथेही त्याच्या ओठांवर पांडवांचे नाव येते, द्रौपदीचे येत नाही. पश्चात्तापसुद्धा व्यासांनी त्याला पुरता दिलेला नाही, आणि मला ते फार खरे वाटते.) पुढे गंगेच्या काठी कुंती येते, जप संपेपर्यंत उन्हाने कोमेजून त्याच्याच उत्तरीयाच्या सावलीत ती उभी राहते. तिला तो सांगतो की, जे दुर्योधनाच्या जिवावर जगले त्यांनी ते ऋण फेडण्याची हीच वेळ आहे. त्यासाठी व्यासांनी वापरलेला शब्द आहे 'उपजीवी'. मित्र नव्हे, बंधू नव्हे. दुसऱ्याच्या अन्नावर जगणारा. तेरा वर्षे आपण त्या आश्रयाने निष्कंटक राज्य भोगले हे तो कृष्णालाही सांगतो, आणि त्याच तोंडाने हेही सांगतो की राजा होण्यास योग्य युधिष्ठिरच आहे. आपला धनी चूक आहे, तो हरणार आहे, आपण मरणार आहोत. सारे ठाऊक असलेला हा सेवक आहे. शरपंजरी पडलेले भीष्म त्याला भावांकडे जाण्यास सुचवितात तेव्हाही तो जात नाही. फक्त पूर्वी वेडेवाकडे बोललो त्याची क्षमा मागतो.

मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहे, आणि हा 'उपजीवी' शब्द माझ्या घशात अडकला आहे. १९६४ च्या वर्तणूक नियमांत आम्हां सेवकांसाठी असे लिहिले आहे की कर्तव्य बजावताना आपल्या विवेकबुद्धीनेच वागावे. वरिष्ठांच्या आदेशावरून वागणे हा तिला अपवाद, आणि तो आदेशही सामान्यतः लेखी असावा. नियम चांगला आहे. पण जी गोष्ट वरिष्ठांनी सांगितलीच नाही, नुसती त्यांना आवडेल असे आपल्याला वाटले, तिच्यासाठी नियमांत कलम नाही. काही वर्षांपूर्वी एका बैठकीत आमच्या शाखेतील एका वयस्कर सहकाऱ्यांच्या कामातील दिरंगाईचा विषय निघाला होता. त्यांची पत्नी दीर्घकाळ आजारी होती आणि ते मला ठाऊक होते. साहेब कपाळाला आठ्या घालून बसले होते. मी एक वाक्य बोललो. वाक्य चटकदार होते. साहेब हसले, मग सारेच हसले, आणि ते गृहस्थ समोरच्या फायलीचा बंद सोडू लागले. मला कोणी बोलावयास सांगितले नव्हते. बढतीसुद्धा त्या वर्षी नव्हती. पुढे त्यांच्या निवृत्तिवेतनाचे कागद माझ्याच टेबलावरून गेले. मी ते एका दिवसात पुढे पाठविले, आणि त्यांनी नमस्कार केला तेव्हा खाली पाहिले.

म्हणून त्या रात्री मेट्रोत लाज वाटली. वक्ते म्हणाले की कर्ण परिस्थितीचा बळी होता, त्याचा नाइलाज होता, आणि ते ऐकताना मला बरे वाटले होते. टाळ्या मी कर्णासाठी वाजविल्या नव्हत्या. सभागृहातील बहुतेक मंडळी माझ्यासारखीच पगारावर जगणारी, महिन्याच्या एक तारखेकडे डोळे लावून बसणारी. कर्ण निर्दोष सुटला की आम्ही सारेच जामिनावर सुटतो.

याउलट व्यास काय करतात पाहा. भीष्मांसारख्याच्या तोंडून ते वदवितात की, मनुष्य अर्थाचा दास आहे, अर्थ कोणाचा दास नाही, आणि कौरवांनी आपल्याला अर्थाने बांधून ठेवले आहे. युद्धाच्या पहिल्याच दिवशी, नमस्कारास आलेल्या युधिष्ठिरासमोर पितामह हे बोलतात! पण बांधलेला माणूस सभेत गप्प बसतो आणि दुसरा बांधलेला माणूस आपण होऊन वस्त्रे फेडावयास सांगतो, यांतील अंतर व्यास पुसत नाहीत. रथाचे चाक भूमीत रुतल्यावर कर्ण अर्जुनाला धर्माची आठवण करून देतो, आणि कृष्ण त्याला एकेक प्रसंग काढून विचारतो की तेव्हा तुझा धर्म कोठे गेला होता. प्रचलित पोथ्यांत पुढे असे आहे की कर्णाने लाजेने मान खाली घातली व काही उत्तर दिले नाही. आमच्या वक्त्यांनी त्या ठिकाणी कर्णाच्या वतीने पंधरा मिनिटे उत्तर दिले. ज्याने आपला गुन्हा आपल्या तोंडाने कबूल केला आहे त्याचा कबुलीजबाब फाडून त्याला निर्दोष ठरविणारा वकील त्याचे भले करीत नाही. कर्णाजवळ कवचकुंडले उरली नव्हती, शक्ती घटोत्कचावर खर्च झाली होती, विद्या ऐन वेळी विसरली. स्वतःचे असे त्याच्याजवळ शेवटी जे उरले होते ते हे न दिलेले उत्तर. तेवढे तरी आपण घेऊ नये.

कोणी म्हणेल की सामान्य वाचकाने एवढा मोठा ग्रंथ कधी वाचावा? सगळा वाचावा असे मी म्हणत नाही, मीही वाचलेला नाही. सभापर्वातील द्यूताचे अध्याय आणि उद्योगपर्वातील कृष्ण, कुंती व कर्ण यांचे संवाद, एवढे एका रविवारी वाचून होते. चिपळूणकर मंडळींनी शंभर वर्षांपूर्वी केलेले मराठी भाषांतर आमच्या मंडळाच्या ग्रंथालयात कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात आहे. पाने पिवळी पडली आहेत, पण भाषा अजून कुरकुरत नाही. व्याख्यानानंतरच्या शनिवारी स्टुलावर चढून मी उद्योगपर्व काढले. पुस्तकात डकविलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर माझ्या आधीचा शेवटचा शिक्का २००४ सालचा होता. 'मृत्युंजय'च्या तीन प्रती आहेत. तिन्ही त्या दिवशी बाहेर गेलेल्या होत्या, आणि चौथी मागविण्याचा ठराव कार्यकारिणीपुढे आहे असे ग्रंथपालबाईंनी सांगितले. त्या ठरावास माझा विरोध नाही. फक्त उद्योगपर्वाचा तो खंड वरच्या खणातून खाली, हात पोहोचेल अशा जागी ठेवावा, अशी सूचना मी लेखी दिली आहे.